पंखा फिरतोय, स्क्रीन काळी: डिस्प्ले न येणाऱ्या डेस्कटॉपबद्दलचे गैरसमज

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातूर-नांदेडच्या सेवा केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी रांगा लागतात. त्याच दिवसांत मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि केंद्रातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप संपावर जायला हाच मुहूर्त निवडतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. मग रांगेतलेच लोक निदान सांगू लागतात. ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारा.’ ‘व्हायरस असेल.’ ‘मदरबोर्ड गेला काका, आता नवाच घ्या.’ खरं तर मशीन कुठे अडलं हे ते स्वतःच बऱ्यापैकी सांगत असतं. पण काळ्या स्क्रीनकडे बघून ते कळत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज फॉरमॅटचा. विंडोज असते हार्ड डिस्कवर, आणि डिस्कची पाळी येते शेवटी. बटण दाबल्यावर आधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, वेगवेगळे व्होल्टेज तयार करतो आणि ‘वीज नीट आहे’ असा इशारा बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होतो, बोर्डावरच्या चिपमधून बायोस हा सुरुवातीचा प्रोग्राम वाचतो, रॅम तपासतो, डिस्प्ले शोधतो आणि कंपनीचा लोगो दाखवतो. इथपर्यंत डिस्कशी कोणाचाही संबंध आलेला नसतो. डिस्कची वायर काढून मशीन सुरू केलं तरी लोगो, किंवा बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश, यायलाच हवा. तोही येत नसेल तर फॉरमॅटचे पैसे पाण्यात. लोगो दिसून नंतर स्क्रीन काळी पडत असेल, तर मात्र विंडोज किंवा डिस्प्ले ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे.

व्हायरसचंही असंच. तो लोगोच्या आधी काही करू शकत नाही, याला एक गाजलेला अपवाद आहे. ‘सीआयएच’ किंवा ‘चेर्नोबिल’ नावाच्या व्हायरसने 26 एप्रिल 1999 रोजी जगभरातल्या असंख्य मशीनच्या बायोस चिपमधला मजकूर पुसला होता आणि ती खरोखरच काळीठिक्कर पडली होती. पण तो चालायचा विंडोज 95 आणि 98 वर. आज कोणी काळ्या स्क्रीनसाठी अँटिव्हायरस विकत असेल, तर तो कोणत्या विंडोजवर बसवणार एवढं विचारावं.

आता पंख्याकडे. ‘पंखा फिरतोय म्हणजे पॉवर ओके’ हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानातही ऐकू येतं. पंखा फिरला याचा अर्थ 12 व्होल्टच्या तारेत काहीतरी येतंय, बस. बोर्डाला 5 आणि 3.3 व्होल्टही लागतात, आणि प्रत्येकात साधारण पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढ-उतार चालत नाही. 12 च्या जागी 10.8 आले तरी पंखा फिरेल, फक्त थोडा मंद. बोर्ड मात्र उठणार नाही. म्हणून मल्टिमीटर लावून आकडे बघावेत: 11.4 ते 12.6, 4.75 ते 5.25 आणि 3.14 ते 3.47. हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस बाहेरच चालू करून दाखवण्याची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण अपुरी आहे. भार नसताना सरळ चालणारा एसएमपीएस बोर्ड जोडताच लंगडू शकतो. खरी तपासणी म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघणं.

याच्याच शेजारची एक गोष्ट फार वेळा घडते. मोठी 24 पिनांची वायर सगळ्यांना दिसते, पण प्रोसेसरजवळची छोटी चार पिनांची वेगळी असते. साफसफाईनंतर ती लावायची राहते. अशा वेळी पंखे मस्त फिरतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो. ‘धूळ काढली आणि कॉम्प्युटरच गेला’ अशी तक्रार आली की आधी ही वायर बघावी.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर 115 आणि 230 असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा. पुसताना किंवा लहान मुलाच्या हातून तो 115 वर सरकला आणि बटण दाबलं, तर आवाज आणि वास दोन्ही येतात. आणि तो डबा उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. घरगुती 230 व्होल्टपासून आत सव्वातीनशेच्या आसपास डीसी तयार होतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. डब्यात मेलेली पाल दिसली तरी ती काढायला हात घालू नये, डबाच बदलावा. पाल ही गंमत नाही. उबेसाठी ती तिथेच शिरते.

रॅमचा विषय निघाला की खोडरबर बाहेर येतं. हा उपाय खोटा नाही, अर्धवट आहे. रॅमच्या पट्टीवरची पिवळी टोकं सोन्याच्या अतिशय पातळ मुलाम्याची असतात. सोनं गंजत नाही, पण त्यावर मळाचा थर बसतो आणि तापण्या-थंड होण्याने पट्टी स्लॉटमध्ये किंचित हलते. म्हणूनच पट्टी काढून नुसती पुन्हा दाबून बसवली तरी पुष्कळदा डिस्प्ले येतो, आणि श्रेय मिळतं रबराला. घासायचंच तर मऊ पांढरं रबर, हलक्या हाताने, आणि चुरा स्लॉटमध्ये न पाडता. शाईच्या खोडरबराचा निळा खरखरीत भाग मुलामाच काढून टाकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड याहून बरं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, प्रत्येक स्लॉटमध्ये बघावी. अर्ध्याअधिक केसेस इथेच मिटतात, असं दुकानदार सांगतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

रॅम सापडली नाही तर मशीन बीप देऊन ओरडते. पण आजच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकरच नसतो, आणि मालक म्हणतो, ‘आवाज पण येईना गेलाय, बोर्डच गेला असेल.’ स्पीकर काही महाग नसतो. चार पिनांवर तो बसवला की निदान फुकट मिळतं. ‘अवॉर्ड’ बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. लांब बीप सारखी वाजत राहिली तर रॅमची.

पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतून बाद झालेली एचपी-डेलची ऑफिस मॉडेलं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांना ही भाषा अधिक चांगली येते. एचपीच्या बऱ्याच जुन्या ऑफिस मॉडेलांत बटणाचा दिवा लाल लुकलुकतो: चार वेळा म्हणजे वीज, पाच वेळा म्हणजे रॅम, सहा वेळा म्हणजे ग्राफिक्स. डेलच्या बटणाचा दिवा केशरी होऊन लुकलुकला तर तीही तक्रारच. मात्र या मशीनमध्ये कित्येकदा एसएमपीएसची जोडणी कंपनीची स्वतःची असते, बाजारातला साधा डबा बसत नाही. बसत नाही म्हणून ‘पार्ट मिळत नाही, भंगारात टाका’ हा सल्ला घाईचा ठरतो. त्याच मॉडेलचा जुना डबा मिळू शकतो.

बटण-सेल बदला म्हणजे डिस्प्ले येईल, ही समजूतही पक्की आहे. सेल सीआर 2032 नावाचा, 3 व्होल्टचा, 20 मिलिमीटर व्यासाचा. तो संपला की मशीन वेळ आणि सेटिंग विसरतं. बहुतेक बोर्डांवर सुरुवातीला एफ-1 दाबा असा संदेश येतो आणि काम पुढे सरकतं. मोजके बोर्ड सेल पूर्ण मेल्यावर अडतात, हे खरं. तरी सेल बदलून डिस्प्ले आला तर बहुधा श्रेय सेलचं नसतं. वायर काढून सेल काही मिनिटं बाहेर ठेवला की बायोसच्या बिघडलेल्या सेटिंगही पुसल्या जातात, आणि डिस्प्ले त्या अडथळ्यामुळे अडलेला असतो. त्यामुळे नवा सेल आणण्याआधी प्लग काढा, बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि जुना सेल काढून पुन्हा बसवून बघा.

मॉनिटरकडे वळताना एक युक्ती. कीबोर्डवर नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, दोष चित्राच्या वाटेवर आहे: केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. ज्या मशीनवर वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, तिथे केबल बोर्डाच्या पोर्टला लावली तर बहुतेक वेळा स्क्रीन काळीच राहणार, कारण कार्ड बसलं की बोर्डाचा पोर्ट सहसा बंद होतो. मॉनिटरमध्ये व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतील तर कोणतं निवडलंय तेही बघावं. आणि एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर दोन्हीकडून चालत नाही. कॉम्प्युटरचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं व्हीजीए, एवढीच त्याची दिशा. उलटं लावून कितीही वेळ बसलं तरी चित्र येणार नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून ‘बोर्ड शॉर्ट आहे’ असं म्हणतात. बहुतेकदा शॉर्ट काही नसतो. घरात अर्थिंगच नसते. एसएमपीएसमधले दोन छोटे कपॅसिटर गडबड गाळून अर्थिंगकडे पाठवतात, आणि अर्थिंग तुटलेली असली की पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्मे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, जमा होतात. प्रवाह अतिशय कमी, म्हणून माणसाला फक्त झटका वाटतो. पण दोन बिनअर्थिंगच्या यंत्रांमध्ये चालू असताना केबल लावली, तर तीच वीज पोर्टमधून वाट काढते आणि डिस्प्लेचा पोर्ट उडू शकतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि केबल लावताना आधी दोन्ही प्लग काढा.

लातूरच्या डाळ मिलच्या किंवा नांदेडच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या मशीनचा वेगळा पाठ आहे. डाळीची भुकटी आणि कापसाचे तंतू पंख्यावर नमदा बनून बसतात आणि प्रोसेसर तापून मशीन आपलं आपण बंद पडतं. पण ‘चालू होऊन बंद पडतं’ आणि ‘डिस्प्लेच येत नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती धूळ काढून दुसरी सुटेलच असं नाही.

एवढं सगळं करूनही काहीच हललं नाही, तर बोर्डाकडे बारकाईने बघावं. प्रोसेसरभोवतीच्या उभ्या कपॅसिटरच्या माथ्यावर फुगवटा किंवा तपकिरी पाझर दिसला तर तो दोष आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरची मोठी साथच आली होती. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स 270 आणि 280 ची नावं त्यात गाजली. चांगला कारागीर असे कपॅसिटर सोल्डर करून बदलतो. तेही नसेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर गेलाय म्हणायला हरकत नाही, आणि दहा वर्षांच्या मशीनवर पैसे घालायचे का, हा हिशेब तेव्हा करायचा. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, हेही त्या हिशेबात धरावं.

मशीन गेलं म्हणजे डेटा गेला, असं मात्र नाही. डिस्क बोर्डाबरोबर मरत नाही. ती काढून साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फोल्डर जसेच्या तसे मिळतात, पासवर्ड लावलेल्या एन्क्रिप्शनचा अपवाद सोडून. त्यामुळे भंगारवाल्याला कॅबिनेट देताना डिस्क आधी काढून ठेवावी. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या कित्येकांची आधार, पॅन आणि बँक पासबुकांची स्कॅन पडलेली असतात.