थिबा राजाचे राज्य का बुडाले?



रत्नागिरीचा थिबा पॅलेस आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिला आहे. ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत होता, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याचे राज्य गेले कसे, ते आज आम्ही सांगणार आहोत.

मंडाले ही त्याची राजधानी. पुढे लोकमान्य टिळकांना ठेवले, तो तुरुंग याच शहरात. १८७८ साली थिबाचे वडील, मिंडोन राजा, वारले. त्यांचा मंत्री किनवुन मिंजी १८७२ साली विलायतेला जाऊन आला होता. तिथे गादीवर राणी, पण कारभार मंत्रिमंडळाचा. आपल्याकडेही तसेच व्हावे, असे त्याला वाटे. तरुण थिबा आपले ऐकेल, या हिशेबाने त्याने त्याला पाठिंबा दिला. मंत्र्यांत खाती वाटली गेली. राजाच्या खर्चालाही आवर घालायचे ठरले.

पण नवी घडी बसायला वेळ लागतो, आणि तोच मिळाला नाही. थिबाला सावत्र भाऊ पुष्कळ. त्यांतला कोणीही बंड करील, ही वाड्यात धास्ती. १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातल्या अनेकांना बायकामुलांसकट मारून टाकले. सुधारणा करू पाहणारे मंत्री बाजूला पडले. नियम मोडूनही भीती गेली नाही. डोंगराळ भागातले शान सरदार उलटले, मुलखात दरोडे वाढले, खजिना आटला. १८८५ मध्ये दरबाराने बॉम्बे बर्मा या सागवान कंपनीला जबर दंड ठोठावला आणि इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरात मंडाले पडले. १८८६ साली राजाराणी रत्नागिरीत आली. पॅलेस बांधून झाला तो १९१० साली, आणि १९१६ च्या डिसेंबरात थिबा इथेच वारला.

फ्रान्समध्येही असेच झाले. १७९१ साली राजाचे अधिकार राज्यघटनेने बांधले. पण राजाचा घटनेवर विश्वास नव्हता आणि लोकांचा राजावर. त्यात युद्ध आणि महागाई. वर्षभरात राजेपण संपले.

आम्हाला यातून एक गोष्ट दिसते. राजाला आवर घालणारा कायदा राजालाही सांभाळत असतो. गडबडीच्या काळात “आता नियम राहू द्या” असे म्हणणारे पहिले भेटतात, आणि नियमाची खरी गरज तेव्हाच असते. आपल्या बचत गटात पैशावरून संशय आला, की आवाज चढतात. अशा वेळी आधी बैठक बोलवा, सगळ्यांसमोर वही वाचा, ठराव लिहून सह्या घ्या. पद कोणाकडे ठेवायचे ते त्यानंतर ठरवा.