साइडबारच्या पोटात काय काय!

जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. पानाच्या मधोमध पोस्ट असते, ती सगळे वाचतात. कडेला (साइडबारमध्ये) आणि तळाला (फुटरमध्ये) मात्र ताज्या पोस्टची यादी, शोधाची चौकट, कॅलेंडर, पत्ता, फोन नंबर अशी बारकी मंडळी बसलेली असतात. हीच विजेट. खरी गंमत याच मंडळींत आहे.

वर्डप्रेसमध्ये थीमची, म्हणजे साइटच्या तयार रूपाची, सोय आली फेब्रुवारी २००५ मध्ये, १.५ या आवृत्तीत. सोबत निळ्या माथ्याची ‘क्युब्रिक’ नावाची थीम होती, आणि पुढची काही वर्षं जिकडे पाहावं तिकडे तीच दिसायची. पण साइडबारमध्ये दोन ओळी घालायच्या तर थीमची पीएचपी फाइल उघडा, खुणांच्या जंजाळात नेमकी जागा शोधा, मजकूर घुसडा. एखादा अर्धविराम चुकून उडाला की साइट बंद! २००६ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने विजेटचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, काढलं आणि मे २००७ च्या २.२ आवृत्तीत ते थेट वर्डप्रेसच्या गाभ्यात आलं. माउसने चौकट ओढा, साइडबारमध्ये सोडा, झालं. पुढे आलेल्या ब्लॉक एडिटरचं (मजकूर, चित्र असे तुकडे रचून पान लिहायच्या सोयीचं) कौतुक खूप होतं, पण माझ्या मते त्याहून मोठी क्रांती ही होती. वाचनालयाची वेळ बदलली म्हणून प्रोग्रामरला फोन करायची गरज त्या दिवशी संपली.

त्या २.२ आवृत्तीचं नाव होतं ‘गेट्झ’, सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्यावरून. वर्डप्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती जॅझ कलावंताच्या नावाने निघते. १.० माइल्स डेव्हिस यांच्या नावाने, २.१ एला फिट्झजेराल्ड यांच्या, तर ५.० क्युबाचे पियानोवादक बेबो वाल्देस यांच्या. ‘हॅलो डॉली’ हे प्लगइन तर लुई आर्मस्ट्राँग यांनी गाजवलेल्या गाण्याच्या ओळी डॅशबोर्डवर दाखवतं, दुसरं काहीही करत नाही. मला ते फार आवडतं.

बिनकामाच्या माहितीतलं कामाचं

वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीमना २०१० पासून सालांची नावं आहेत: ट्वेंटी टेन, ट्वेंटी इलेव्हन वगैरे. यात ट्वेंटी एटीन शोधायला जाऊ नका, ती निघालीच नाही. त्या वर्षी सगळं बळ नव्या ब्लॉक एडिटरवर लागलं होतं.

टॅग क्लाउडच्या विजेटमध्ये सहसा ४५ टॅग दिसतात. सगळ्यात कमी वापरलेला ८ पॉइंटमध्ये, सगळ्यात लाडका २२ पॉइंटमध्ये.

इंग्रजीत वर्डप्रेसच्या नावामधला ‘पी’ तुम्ही लहान अक्षरात लिहिलात, तर पोस्ट दाखवताना तो आपोआप मोठा होतो. २०१० पासून त्यासाठी खास एक फंक्शन आहे. त्याचं नाव ‘कॅपिटल पी डँगइट’!

टेक्स्ट विजेटचं दहा वर्षांचं मौन

विजेट गाभ्यात आल्यापासून दहा वर्षं टेक्स्ट विजेट म्हणजे एक कोरा डबा होता. ठळक अक्षरांसाठीसुद्धा एचटीएमएलच्या खुणा हाताने टाकायच्या. लोकांनी त्यात काय काय भरलं! जाहिरातींचे कोड, नकाशे, फॉर्म. मग जून २०१७ मध्ये ४.८ आवृत्तीत त्याला ठळक, तिरपं, लिंक अशी बटणं मिळाली. लिहिणारे खूश झाले, पण कोड चिकटवणारे अडचणीत आले. नवा एडिटर त्यांच्या खुणा आपल्या मनाने साफसूफ करायला लागला. दोन महिन्यांच्या आत ४.८.१ मध्ये ‘कस्टम एचटीएमएल’ हे वेगळं विजेट द्यावं लागलं. तेव्हापासून साधा हिशेब: शब्द टेक्स्टमध्ये, कोड कस्टम एचटीएमएलमध्ये.

आता यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. विजेटमधला मजकूर थीमच्या फाइलीत नसतो, डेटाबेसमध्ये असतो. थीमची फाइल उघडून फुटरमध्ये पत्ता लिहिला, तर थीमच्या पुढच्या अपडेटला तो पुसला जातो. तोच पत्ता विजेटमध्ये असेल तर अपडेट झालं तरी जागेवर राहतो. थीमच बदलली आणि नव्या थीममध्ये जागा नसली, तर विजेट निष्क्रिय विजेटांच्या कप्प्यात जाऊन पडतं. घर बदलताना सामान माळ्यावर टाकावं तसं; हवं तेव्हा खाली काढा. फक्त एक लक्षात ठेवा. वर्डप्रेसचा नेहमीचा शोध पोस्ट आणि पानं धुंडाळतो, विजेट नाही. म्हणून सुट्टीची सूचना फक्त साइडबारमध्ये लिहिली असेल, तर शोधणाऱ्याला ती मिळणार नाही. महत्त्वाचं असेल ते एखाद्या पानावरही लिहावं.

जुलै २०२१ मध्ये ५.८ आवृत्तीत विजेटच्या जागी ब्लॉक आले. जानेवारी २०२२ पासून ब्लॉक थीम आल्या आणि त्यांत विजेटचा मेनूच नाही. फुटर बदलायचा तर ‘अपिअरन्स’मधल्या एडिटरमध्ये जायचं आणि पोस्टसारखंच त्यावर क्लिक करून लिहायचं. जुन्याची सवय मोडवत नाही त्यांच्यासाठी ‘क्लासिक विजेट्स’ प्लगइन आहे. लाखो साइटवर ते चालू आहे.

मराठी मजकूर घालताना

बहुतेक थीम ‘लोरेम इप्सम’ भरून रचल्या जातात. हा मजकूर रोमन वक्ता सिसेरोच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या ग्रंथाची मोडतोड आहे. लॅटिन अक्षरांना वर रफार नाही, खाली उकार नाही. म्हणून ओळींमधलं अंतर १.२ ठेवलेली थीम डेमोमध्ये देखणी दिसते आणि मराठी मजकूर घातला की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांवर आदळतात. अंतर १.७ च्या आसपास न्या, पान मोकळं होतं.

विजेटच्या शीर्षकांना कित्येक थीम अक्षरांमध्ये जादा फट देतात. इंग्रजीत ती ऐटदार दिसते. देवनागरीत तीच फट शिरोरेषा तोडते आणि ‘ताज्या पोस्ट’ तुकड्यातुकड्यांत दिसतं. अ‍ॅडिशनल सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग शून्य करा. सेटिंगमध्ये साइटची भाषाही मराठी निवडा. ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे, त्यात मग ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. हे मनापासून सांगतो, कारण हिंदी वळणाचा ल मराठी मथळ्यात पाहवत नाही.

आणि पोस्टचा पत्ता, म्हणजे स्लग. तो २०० जागांत बसावा लागतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तिथे ९ जागा खाते. ‘गणेशोत्सवातल्या पर्यावरणपूरक सजावटीच्या कल्पना’ असं शीर्षक दिलंत, तर स्लग ‘पर्यावर’ला येऊन तुटतो. प्रसिद्ध करण्याआधी स्लगच्या चौकटीत हाताने ‘गणेशोत्सव-सजावट’ लिहा: १२७ जागांत काम होतं आणि ‘ण’ हरवत नाही.