करकर ऐकण्याची दोनशे वर्षं

छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचलंय का ते ओळखता येतं, हे व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 साली लिहून ठेवलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ही रीत रुजली. 1816 मध्ये पॅरिसात डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी एका तरुणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मला. पुढे 1826 मध्ये ते क्षयाने गेले.

मला या साऱ्यात मोलाचं वाटतं ते 1824 साल. हृदयाच्या आवरणाला सूज आली की कोऱ्या चामड्यासारखी करकर ऐकू येते, हे डॉक्टर कोलँ यांनी तेव्हा नोंदवलं. ती आजही कानानेच शोधतात. रुग्णाला बसवून पुढे झुकवायचं, स्टेथोस्कोप छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला घट्ट दाबायचा आणि श्वास रोखायला सांगायचं. श्वास थांबूनही करकर चालू राहिली तर ती हृदयावरणाची. थांबली तर बहुधा फुप्फुसाच्या आवरणाची. मोठ्या यंत्राविना, काही क्षणांत होणारा हा निवाडा मला वैद्यकातला फार देखणा भाग वाटतो. ही करकर सकाळी असते आणि दुपारी नसते, म्हणून पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. ती गेली म्हणून निर्धास्तही होता येत नाही, कारण आवरणात पाणी वाढलं तरी ती विरते. मानेच्या शिरा फुगलेल्या, रक्तदाब उतरलेला, ठोके दबलेले: हृदय असं पाण्याने दाबलं गेल्याची ही तीन लक्षणं डॉक्टर बेक यांनी 1935 मध्ये एकत्र मांडली. ती दिसली तर क्षणाचाही उशीर परवडत नाही.

कानाची मर्यादा दिसते ती सांधेदुखीच्या तापात (ऱ्हुमॅटिक फीवर). हा ताप हृदयालाही धरतो, हे डॉक्टर बुइयो यांनी 1836 मध्ये ठामपणे सांगितलं होतं. 1953 मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची तपासणी, सुरू केला. झडपेची जी गळती कानाला कळत नाही ती इकोत दिसते, म्हणून 2015 मध्ये या तापाच्या निदानाच्या निकषांत इकोलाही जागा मिळाली. तिथे कान मागे पडला, हे मान्यच करायला हवं. पण इकोसाठी कुणाला तातडीने पाठवायचं, हे अजूनही तपासणारे हात आणि कानच ठरवतात.

आपल्याकडे हृदयावरणाच्या सुजेमागे क्षय असू शकतो, आणि साध्या घसादुखीनंतर येणाऱ्या या तापाने मुलांच्या झडपा आजही खराब होतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप आला, एकामागून एक सांधे सुजले, तर त्याचं हृदय तपासून घ्या. आणि हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली असतील, तर मूल ठणठणीत दिसतंय म्हणून ती मध्येच सोडू नका.