लॅपटॉपशिवाय हार्ड टेक्नो : ड्रम मशीन कोणतं घ्यावं?



इंदूरच्या एका मुलानं विचारलंय, "काका, हार्ड टेक्नो करायचंय, लॅपटॉप नकोय, पैसे एकाच मशीनपुरते आहेत. कोणतं घेऊ?" दोन वर्षं साठवलेले पैसे आहेत म्हणतो. म्हणून आज लगेच नाव सांगून मोकळा होत नाही. मी स्वतः पहिलं मशीन चुकीचं घेतलं होतं, तेही सांगणार आहे.

आधी हे संगीत मशीनकडून काय मागतं ते बघू. वेग साधारण मिनिटाला १४० ते १६० ठोके. आमच्या परेडची 'तेज चल' १२० पावलांची असते, त्यावरून अंदाज करा. १५० चा वेग धरला तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ४०० मिलिसेकंद मिळतात आणि मशीनवरच्या एका खान्याला १००. हा हिशेब डोक्यात ठेवा. किकची शेपटी ४०० मिलिसेकंदांपेक्षा लांबली की ती पुढच्या किकवर चढते आणि खालचा सगळा आवाज गढूळ होतो. म्हणून किकची लांबी आणि किकचा सूर, दोन्ही हाताशी बदलता आले पाहिजेत. मेनूत चार पायऱ्या खाली उतरून नव्हे, समोरच्या बटणानं.

मशीनवर १६ खाने दिसले की तबला शिकलेल्यांना तीनताल आठवतो. इथे खाली-भरी काही नाही. १, ५, ९ आणि १३ या खान्यांवर किक, मधले तीन-तीन खाने मोकळे. खरी गंमत त्या मोकळ्या खान्यांत आहे. किकच्या मागोमाग जमिनीखालून आल्यासारखा जो गडगडाट ऐकू येतो, त्याला रंबल म्हणतात. लॅपटॉपवाले तो असा करतात: किकला भरपूर रिव्हर्ब द्यायचा, त्यातला वरचा भाग फिल्टरनं कापायचा, उरलेल्याला डिस्टॉर्शन द्यायचं आणि दर किकला तो गडगडाट क्षणभर दाबायचा. या दाबण्याला साइडचेन म्हणतात. एकाच मशीनवर ही सगळी साखळी जमेलच असं नाही. पण साधा उपाय आहे. सगळ्यात खालचा टॉम घ्या, त्याचा सूर आणखी उतरवा, लांबी कमी करा आणि किकनंतरच्या तीन खान्यांवर हलकासा वाजवा. किकच्या खान्यावर तो वाजतच नाही, त्यामुळे दाबायचा प्रश्न येत नाही. त्यावर थोडा रिव्हर्ब आणि डिस्टॉर्शन दिलंत की काम झालं.

आता थोडा इतिहास, कारण निवडीशी त्याचा संबंध आहे. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८० मध्ये टीआर-८०८ आणि १९८३ मध्ये टीआर-९०९ काढलं. ९०९ ची किक अ‍ॅनालॉग सर्किटमधून निघायची, हाय-हॅट आणि झांजा मात्र ६ बिटांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या होत्या. बाजारात ते फार चाललं नाही, सुमारे १०,००० नगच निघाले. मग ते सेकंडहँड बाजारात स्वस्त झालं आणि शिकागो-डेट्रॉइटच्या तरुणांच्या हाती आलं. डेट्रॉइटचे जेफ मिल्स आजही मंचावर ९०९ एखाद्या वाद्यासारखं वाजवतात. आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी १९८२ मध्ये ८०८ च्या साथीनं दहा रागांची रेकॉर्ड केली होती. ती टेक्नो नव्हे, पण यंत्र तेच.

हार्ड टेक्नोची किक बहुतेक वेळा ९०९ च्या घराण्यातली असते, फक्त डिस्टॉर्शननं चिरडलेली. म्हणजे आपल्याला ९०९ सारखी किक हवी आणि ती एकटीला चिरडायची सोय हवी. 'एकटीला' हा शब्द महत्त्वाचा. माझी चूक इथेच झाली. मी एक छोटं, छान वाजणारं अ‍ॅनालॉग मशीन घेतलं. त्याला बाहेर जायची वाट एकच. किकसाठी डिस्टॉर्शनचं पेडल लावलं की हाय-हॅटही त्यातूनच जायचे आणि पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज यायचा. सहा महिन्यांनी तोट्यात विकलं. तेव्हा मशीन बघताना पहिला प्रश्न हा: प्रत्येक आवाजाला स्वतंत्र इफेक्ट देता येतो का? नसेल, तर किकसाठी स्वतंत्र आउटपुट आहे का?

या कसोटीवर रोलँडचं टीआर-८एस (२०१८) चांगलं उतरतं. ११ आवाज, प्रत्येकाला आपला फेडर, आत ८०८-९०९ चे आवाज, एसडी कार्डावरून आपले नमुने भरायची सोय, प्रत्येक आवाजाला वेगळा इफेक्ट. हात चालवून वाजवणाऱ्याला फेडरसारखं सुख नाही.

एलेक्ट्रॉनचं अ‍ॅनालॉग रिटम एमके२ याहून दणकट आणि बरंच महाग. प्रत्येक ट्रॅकला ओव्हरड्राइव्ह, शेवटी सगळ्यावर अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शन आणि कॉम्प्रेसर. पण पॅड १२ असले तरी अ‍ॅनालॉग आवाज ८ च आहेत. काही जोड्या एकाच आवाजावर चालतात, एक वाजला की दुसरा तुटतो. शिकायलाही वेळ लागतो. त्यांचंच डिजिटॅक्ट हे सॅम्पलर आहे, स्वतःचा ढोल त्यात नाही, पण दुसऱ्या सिंथला मिडीनं चालवतं. आर्टुरियाच्या ड्रमब्रूट इम्पॅक्टमध्ये डिस्टॉर्शन आहे, पण ते सगळ्या मिश्रणावर. किकला वेगळं आउटपुट आहे, तेव्हा पेडल आणि छोटा मिक्सर घ्यायची तयारी असेल तर कमी पैशात जमतं. बेहरिंगरचं आरडी-९ म्हणजे ९०९ ची नक्कल, तिथेही हाच हिशेब.

परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत काढा. सेकंडहँड घेताना प्रत्येक बटण फिरवून बघा, आणि अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट व पिनचं धन-ऋण मशीनवर छापलेल्या खुणेशी जुळवा. उलट पिनेनं यंत्र जळतं.

आणि कान. मी तोफखान्यात होतो, डाव्या कानात कायमची शिट्टी वाजते. ५० हर्ट्झची किक फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, साध्या हेडफोनवर क्षीण येते, म्हणून माणूस आवाज वाढवत जातो आणि वरचे हाय-हॅट कान खातात. आवाज कमी ठेवून पारखा, दर अर्ध्या तासानं थांबा. ही शिट्टी एकदा लागली की जात नाही.

तर इंदूरकर, एकच मशीन घ्यायचं तर माझं मत टीआर-८एस. त्याहून कमी पैसे असतील तर त्याचाच धाकटा भाऊ टीआर-६एस आहे. सहाच आवाज, पण चार पेन्सिल सेलवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही. आणि सगळे पैसे मशीनवर घालू नका. लॅपटॉप नाही म्हणजे वाजवलेलं साठवायला लाइन-इन असलेला एक छोटा रेकॉर्डर लागेलच. तो कसा जोडायचा, ते पुढच्या भागात.