पाहुण्यांची नोंद नसलेली शंभर वर्षे

एका जिवाला (पाहुण्याला) लाभ होतो आणि दुसऱ्याचे (यजमानाचे) काही बिघडत नाही, की त्याला काही मिळतही नाही, अशा नात्याला जीवशास्त्रात सहभोजिता म्हणतात. बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८७५ साली परजीवींवरच्या आपल्या ग्रंथात असे जीव परजीवींपासून वेगळे काढले आणि तेव्हापासून ही कल्पना पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. पाठ्यपुस्तकात ती फार निरुपद्रवी दिसते. यजमानाच्या बाजूला शून्य असल्यामुळे या नात्यात जपण्यासारखे काही आहे, असे कुणाला वाटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या डोंगरांवर गेल्या शंभर वर्षांत काय घडले ते पाहिले, तर मात्र दुसरेच दिसते. यजमानाला पाहुण्याची गरज नसते, म्हणून पाहुणा गेल्याचे त्याच्याकडे पाहून कळतच नाही. आपण सगळी मोजदाद यजमानाचीच केली आणि जे हरवले ते आपल्या हिशेबात आलेच नाही.

या भागातले सहभोजितेचे सर्वांत चांगले उदाहरण जुन्या झाडांच्या अंगावर आहे. आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन यांच्या खोडांवर आणि आडव्या फांद्यांवर शेवाळ, बाशिंगासारखे नेचे आणि आमरी (ऑर्किड) वाढतात. मे-जूनच्या सुमारास झुपक्याने फुलणारी सीतेची वेणी ही त्यांतली लोकांच्या ओळखीची. अनेकजण या सगळ्यांना सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या सालीत शिरून आतले पाणी आणि क्षार ओढून घेते. आमरी झाडातून काहीच घेत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते, ते पावसाचे आणि धुक्याचे पाणी शोषते. बाशिंगाची तळाची तपकिरी पाने पडणारा पालापाचोळा अडवतात आणि त्याचे स्वतःपुरते खत करतात. झाडाकडून या दोघांना हवी असते ती जागा : उजेडाच्या जवळची, खडबडीत, ओल धरून ठेवणारी साल. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसते. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि पहिले फूल येईपर्यंत काही वर्षे जातात. म्हणून पाहुण्याला नुसते झाड पुरत नाही, जुने आणि न छाटलेले झाड लागते.

या एका अटीवर गेल्या शतकाचा इतिहास तपासावा. भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडी नदीवर भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पूर्ण झाले आणि खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेतचे काम सुरू झाले. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटले, ही आठवण पुण्याने जपली आहे. धरणाच्या वरच्या अंगाला काय झाले ते मात्र फारसे कुणी आठवत नाही. बांधकामाबरोबर रस्ते आले, रस्त्यांबरोबर कोळशाचे व्यापारी आले आणि जिथे पूर्वी फक्त पायवाट पोचत होती तिथली झाडे भट्टीत गेली. विस्थापितांनी आपली झाडे विकली म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जमीन बुडणाऱ्या माणसाकडे विकण्यासारखे तेवढेच उरले होते. भातशेतीच्या राबाचा परिणाम याहून सूक्ष्म. रोपासाठी वाफा भाजायचा तर ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडाव्या लागतात. झाड मरत नाही, पुन्हा फुटते, शतकभर उभे राहते. गणतीत ते झाड कायम असते. पण त्याच्यावर चार-पाच वर्षांहून जुनी फांदीच नसेल, तर आमरीने बसायचे कुठे? यजमान जसाच्या तसा आणि पाहुणा नाहीसा, असे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही.

जुनी, न छाटलेली झाडे राहिली ती बहुतांशी देवरायांत. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आलेला त्यांचा लेख आजही या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. पानशेतच्या परिसरातल्या उघड्या डोंगरांवर मूळचे रान कसे होते, हे देवाच्या नावाने राखलेल्या लहान तुकड्यांवरूनच कळू शकत होते. राबाचा कोयता तिथे चालत नव्हता आणि कोळशाच्या व्यापाऱ्यालाही गावाने तिथे हात लावू दिला नाही. देवाच्या धाकाने राखली गेली झाडे. त्यांच्या आश्रयाने शेवाळ, नेचे आणि आमरी आपोआप राहिल्या, त्यांना राखण्याचा विचार कुणी केला नव्हता. ही देवराईची मोठी देणगी आहे आणि तिच्यातला धोकाही तोच आहे. जीर्णोद्धारासाठी देवळाभोवतीची चार मोठी झाडे काढून फरशी घातली, तरी देवराईचे नाव आणि क्षेत्र कागदावर तेवढेच राहते.

सहभोजितेच्या या कल्पनेवरच अभ्यासक आक्षेप घेतील की शुद्ध शून्य निसर्गात नसतेच. ओल धरलेल्या नेच्यांच्या भाराने फांदी मोडते, म्हणजे यजमानाला तोटा होतो. वड किंवा नांद्रुकाचे रोप पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते, सुरुवातीला निव्वळ पाहुणा असते आणि पुढे खाली मुळे सोडून यजमानाचाच गळा आवळते. हे खरे आहे. पण त्यामुळे सहभोजितेची कल्पना बाद होत नाही, तिला काळाची जोड लागते एवढेच. नाते कोणते हे एका पावसाळ्यात ठरत नाही, दशकांवर ठरते. नांद्रुक त्या मुदतीत शत्रू ठरतो, आमरी ठरत नाही. मी शंभर वर्षांच्या मागोव्याचा आग्रह धरतो तो यासाठीच.

दुसरा आक्षेप गायबगळ्याच्या बाजूने येतो. चरणाऱ्या गुरांच्या पायांनी गवतातले नाकतोडे उडतात आणि बगळे ते टिपतात. गुरांसोबत फिरणाऱ्या बगळ्याला कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. तो गोचिड्या खातो म्हणून गुरांचाही फायदा होतो, असे गावोगाव म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याच्या आहारात गोचिड्या किरकोळ आणि नाकतोडेच मुख्य असतात. आता डोंगरमाथ्यावर म्हशी पाळणारे गवळी-धनगर पूर्वीसारखे राहिले नाहीत, नांगराच्या बैलांची जागा पॉवर टिलरने घेतली, तरी बगळा कुठे संपला? तो यंत्रामागे चिखलात चालतो. मग पाहुण्यांची काळजी कशाला, ते नवा यजमान शोधतील, असा हा युक्तिवाद. बगळ्यापुरता तो मला मान्य आहे. ज्याला पंख आहेत आणि ज्याचे काम कुठल्याही हलत्या वस्तूने भागते, त्याला यजमान बदलता येतो. आमरीचे तसे नाही. तिचे बी वाऱ्यावर दूर जाते खरे, पण जिथे पडेल तिथे जुनी साल आणि तिची बुरशी दोन्ही हवीत.

माणसे पुण्या-मुंबईकडे गेल्यावर पडीक जमिनींवर झाडोरा वाढला, डोंगर पूर्वीपेक्षा हिरवे दिसतात, असेही म्हटले जाते. हिरवाई वाढली असेल तिथे तिचे स्वागतच आहे. पण कोवळी खोडे, गिरिपुष्पाच्या रांगा आणि दर उन्हाळ्यात वणव्याने होरपळणारे उतार हे आमरीला अजून कित्येक दशके घर होऊ शकत नाहीत. एका मोठ्या आंब्याच्या बदल्यात दहा रोपे लावली की हिशेब पुरा झाला, असे मानणारे कागद लाकडाचा हिशेब करतात, त्या आंब्यावर काय जगत होते याचा करत नाहीत. म्हणून ग्रामसभांना, देवस्थानांच्या पंचांना आणि वनखात्याला एकच विनंती आहे : रस्त्यासाठी, देवळासाठी किंवा फार्महाऊससाठी मोठे झाड तोडायची परवानगी देताना पंचनाम्यात घेराबरोबर त्याच्यावरच्या आमरी आणि नेचे यांचीही नोंद करा, आणि ज्या झाडावर ते आहेत ते झाड शक्य तिथे उभे ठेवा.