रोम नगरांतील आद्य ख्रिस्ती मंडळीच्या खुणा

रोम नगरांतील पहिल्या ख्रिस्ती लोकांविषयीं आपल्या विद्यार्थ्यांच्या मनांत बहुधा दोन चित्रें असतात. एक, कोलोसियमच्या रिंगणांत सिंहांपुढें टाकलेल्या भक्तांचें. आणि दुसरें, बादशाही शिपायांच्या भयानें जमिनीखालच्या भुयारांत वर्षानुवर्षें लपून राहिलेल्या मंडळीचें. गोष्टींच्या पुस्तकांनीं व चित्रपटांनीं हीं चित्रें पक्कीं केलीं आहेत. परंतु जाणत्या वाटाड्याबरोबर एक दिवस त्या नगरांत हिंडलें असतां तेथील दगडमाती याहून साधी, आणि आमच्या मतें अधिक मोलाची, हकीकत सांगते. ही फेरी कशी असते व तिच्यापासून काय शिकावयाचें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फेरीचा आरंभ कोलोसियमपासून करूं. ही प्रचंड इमारत वेस्पासियन बादशहानें बांधावयास घेतली व त्याचा पुत्र टायटस यानें इ. स. ८० मध्यें ती लोकांस खुली केली. नीरो बादशहानें ख्रिस्ती लोकांचा जो भयंकर छळ केला, तो इ. स. ६४ च्या मोठ्या आगीनंतरचा. तेव्हां या इमारतीचा पायाही घातलेला नव्हता. टॅसिटस या रोमन इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, तो छळ नीरोच्या स्वतःच्या बागांत व शर्यतींच्या मैदानांत झाला. आणि तें ठिकाण टायबर नदीपलीकडे व्हॅटिकनच्या बाजूस होतें. पुढील काळांत कोलोसियममध्यें कोणी ख्रिस्ती मारलाच गेला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. पण तसें निश्चितपणें सांगणारा त्या काळचा लेख उपलब्ध नाहीं. छळ खरा होता. जागा मात्र मागाहून कल्पिलेली असूं शकते. हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्यानें आरंभींच मनांत ठसवावा.

तेथून थोड्याच अंतरावर संत क्लेमेंतचें मंदिर आहे. रस्त्यावरून आंत जाणाऱ्यास जें मंदिर दिसतें तें बाराव्या शतकाच्या आरंभाचें. पुष्कळ काळपर्यंत लोक यालाच मूळचें प्राचीन मंदिर समजत असत. इ. स. १८५७ मध्यें जोसेफ मलूली नांवाच्या आयरिश धर्मगुरूनें त्याखालीं खोदण्यास आरंभ केला, तेव्हां चौथ्या शतकांतील मंदिर सांपडलें. त्याच्याही खालीं पहिल्या शतकांतील रोमन इमारती, त्यांच्यामधील अरुंद बोळ, आणि एका इमारतींत मिथ्र देवाच्या उपासकांची खोली निघाली. अगदीं तळाशीं उतरल्यावर वाहत्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो. हें कसें घडलें? जुन्या नगरांत पडक्या इमारतींचा राडारोडा काढून नेण्याऐवजीं त्यानेंच जुनी इमारत भरून काढीत व तिच्याच भिंतींच्या आधारानें नवी उभारीत. त्यामुळें जमीन शतकामागून शतक वर चढत गेली. येथें जिना उतरणारा मनुष्य अकरा शतकें मागें जातो.

पुढें लॅटरनचें मोठें मंदिर लागतें. इ. स. ३१२ मध्यें कॉन्स्टंटाइन बादशहानें आपल्या प्रतिस्पर्ध्याचा पराभव केला व पुढील वर्षीं ख्रिस्ती लोकांस उपासनेची मोकळीक मिळाली. लढाईंत विरुद्ध पक्षास मिळालेल्या घोडेस्वारांची छावणी पाडून तिच्या जागीं बादशहानें हें मंदिर बांधविलें. रोमच्या धर्माध्यक्षाचें मुख्य मंदिर आजही हेंच. पुष्कळांस वाटतें त्याप्रमाणें संत पेत्राचें नव्हे. शेजारींच पांचव्या शतकांतील अष्टकोनी बाप्तिस्मागृह आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: याच्या पूर्वीं सुमारें अडीचशें वर्षें रोममध्यें ख्रिस्ती मंडळी होती; पण तिला असें एकही भव्य मंदिर नव्हतें. ती बंधुभगिनींच्या घरीं जमत असे.

मग त्या अडीचशें वर्षांच्या खुणा कोठें आहेत? त्यांसाठीं नगराच्या तटाबाहेर आपियन मार्गावर जावें लागतें. नगराच्या हद्दीच्या आंत प्रेत पुरूं नये, असा रोमचा फार जुना कायदा होता. म्हणून तटाबाहेरील रस्त्यांच्या दुतर्फा थडगीं असत. तेथील जमिनीखालीं ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ दगड आहे. तो सहज खोदतां येतो व हवा लागल्यावर घट्ट होतो. आमच्या कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांतील काळ्या पाषाणाइतके श्रम त्यास लागत नाहींत. वर जागा थोडी आणि महाग, म्हणून खालीं मजल्यामागून मजले खोदीत गेले. या भुयारांस कॅटॅकोम म्हणतात. कॅलिक्स्टसच्या नांवाच्या एका कॅटॅकोमांतील वाटांची लांबीच सुमारें २० किलोमीटर भरते. वाटेच्या दोन्ही बाजूंस भिंतींत एकावर एक कोनाडे आहेत. प्रत्येकांत प्रेत ठेवून तोंड विटांनीं किंवा संगमरवरी फळीनें बंद करीत.

हीं लपण्याचीं ठिकाणें नव्हतीं, दफनभूमि होती, हें वाटाडे आवर्जून सांगतात, व त्यास प्रमाणही आहे. अशा अंधाऱ्या, दमट व अरुंद जागेंत कुटुंबांनीं दिवस काढणें शक्य नव्हतें. शिवाय सरकारास हीं ठिकाणें पूर्णपणें ठाऊक होतीं. इ. स. २५७ मध्यें वालेरियन बादशहानें ख्रिस्ती लोकांस दफनभूमींत जाण्याची मनाई केली. जी जागा कोणास माहीत नाहीं तिच्यांत जाण्याची मनाई कोण करील? ती मनाई असतांही धर्माध्यक्ष दुसरा सिक्स्टस हा मंडळीसह दफनभूमींत उपासनेस गेला, व इ. स. २५८ मध्यें तेथेंच त्याचा शिरच्छेद झाला. तो लपण्यास गेला नव्हता, आपल्या मृत बांधवांजवळ प्रार्थना करण्यास गेला होता.

ज्याच्या नांवानें हा कॅटॅकोम ओळखला जातो तो कॅलिक्स्टस आरंभीं गुलाम होता, असें त्याच्या एका विरोधकानेंच लिहून ठेविलें आहे. त्याला खाणींत शिक्षाही भोगावी लागली होती. पुढें तो मंडळीचा सेवक झाला, धर्माध्यक्षानें त्याच्या हातीं या दफनभूमीची व्यवस्था दिली, आणि इ. स. २१७ च्या सुमारास तो स्वतः रोमचा धर्माध्यक्ष झाला. त्याच काळांतील आफ्रिकेचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन सांगतो कीं, मंडळीच्या वर्गणींतून गरिबांस अन्न दिलें जाई व त्यांचें दफनही केलें जाई. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे या भुयारांचा अर्थ उलगडतो. ज्यांना थडगें बांधण्याची ऐपत नव्हती त्यांनाही येथें विसाव्याची जागा मिळाली. त्याच कॅटॅकोमांत तिसऱ्या शतकांतील नऊ धर्माध्यक्षांचीही थडगीं होतीं. धर्माध्यक्ष व मोलमजूर एकाच दगडांत, एकाच वाटेवर निजले.

भिंतींवरील चित्रें साधीं आहेत. मेंढरूं खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, माशाच्या पोटांतून सुटलेला योना, सिंहांमध्यें उभा असलेला दानिएल, नांगर, कबूतर आणि मासा. 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें जोडलीं असतां माशाचा ग्रीक शब्द होतो. म्हणून मासा ही खूण. क्रूसाचें चिन्ह या जुन्या भागांत क्वचितच आढळतें. छळाचीं चित्रेंही जवळजवळ नाहींत. सर्वत्र सुटकेचा विषय दिसतो.

जवळच दोमितिल्लेचा कॅटॅकोम आहे. त्यांतील एका खोलींत आंप्लियात हें एकच नांव मोठ्या अक्षरांत कोरलेलें आहे. असें एकेरी नांव गुलामाचें असे. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं ज्यांना सलाम सांगितला आहे त्यांत याच नांवाचा एक मनुष्य आहे. तो हाच, असें सिद्ध करतां येत नाहीं. परंतु पौलाची मंडळी कोणत्या थरांतील लोकांची होती, हें त्या एका शब्दावरून कळतें.

संध्याकाळीं तटाबाहेरील संत पौलाच्या मंदिरांत फेरी संपते. चौथ्या शतकांतील हें मंदिर इ. स. १८२३ च्या आगींत जळालें व पुन्हां बांधलें गेलें. वेदीखालीं एक दगडी शवपेटी आहे. तींतील अस्थींचे कण तपासले असतां ते पहिल्या किंवा दुसऱ्या शतकांतील मनुष्याचे ठरले, असें इ. स. २००९ मध्यें जाहीर झालें. ते पौलाचेच, हें विज्ञान सांगूं शकत नाहीं. ते तसे असणें अशक्य नाहीं, एवढेंच तें सांगतें.

विद्यार्थिमित्रहो, खऱ्या गोष्टीस खोट्या अलंकाराची जरूरी नसते. सिंहांची व लपण्याची कथा बाजूस ठेविली तरी त्या मंडळीचें तेज कमी होत नाहीं, उलट वाढतें. आपल्यांतील गरीब मेला तर त्याला नांवानें व सन्मानानें पुरावें, हा नियम त्यांनीं शतकानुशतकें पाळला, आणि एका गुलामाच्या हातीं त्या कामाची किल्ली दिली. पालकांसही आमची विनंती आहे कीं, आपल्या गांवीं एखाद्या निराधाराच्या अंत्यविधीस मुलांनीं खांदा द्यावयास जावें असें वाटलें तर त्यांस अडवूं नये. तेंही एक शिक्षणच आहे. रोमचा प्रवास ज्यांना घडेल त्यांनीं तेथील जिने अवश्य उतरावे. ज्यांना घडणार नाहीं त्यांनीं रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून त्यांतील नांवें सावकाश वाचावीं.