पोटातील वायू आणि रक्ताभिसरण

मटकीची उसळ किंवा हुलग्याचे माडगे खाल्ल्यावर पोट फुगते, हा आपल्या जिल्ह्यात घरोघरचा अनुभव आहे. ह्या वायूचे नाव निघताच वर्गात हशा पिकतो. तथापि त्याचा रक्तवाहिन्यांशी काही संबंध असावा, असे अलीकडच्या संशोधनावरून दिसू लागले आहे. म्हणून शिक्षकांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कडधान्यांतील काही शर्करा व ज्वारीतील तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथील असंख्य जीवाणू त्यांना आंबवितात. आंबिलीचे पीठ आंबताना बुडबुडे येतात, तसाच हा प्रकार होय. त्यातून हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड व काहींच्या पोटात मिथेन निर्माण होतो. ह्या तिहींना वास नसतो. दुर्गंधी येते ती अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंची. शिवाय सगळाच वायू खालच्या वाटेने जातो असे नाही. काही भाग रक्तात शिरून श्वासावाटे बाहेर पडतो. दुधातील साखर पचते की नाही, हे श्वासातील हायड्रोजन मोजून ठरवितात ते ह्याच आधारावर.

गंधकयुक्त वायूंपैकी हायड्रोजन सल्फाइड हा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मैल्याच्या टाकीत उतरलेल्या माणसाचा जीव घेणारा हा विषारी वायू. परंतु आपल्या रक्तवाहिन्यांच्या भित्तिकाही तो अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करतात व त्यामुळे त्या सैलावतात. तो तयार करणारे एक विकर ज्या उंदरांत नव्हते, त्यांचा रक्तदाब वाढल्याचे २००८ मध्ये आढळले. पुढे २०१६ मध्ये वॉर्सा येथील संशोधकांनी उंदरांच्या मोठ्या आतड्यात हा वायू वाढविला, तेव्हा रक्तदाब उतरला. अर्थात हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसाने त्यावरून औषधपाणी ठरवू नये.

दुसरा वायू याच्या उलट वागतो. मांस व अंडी यांतील काही घटकांपासून जीवाणू ट्रायमिथिल अमाइन हा कुजक्या मासळीच्या वासाचा वायू बनवितात. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे द्रव्य रक्तात येते, ते ज्यांच्या रक्तात अधिक होते त्यांना हृदयविकाराचा झटका व पक्षाघात अधिक झाल्याचे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. मात्र मूत्रपिंड बिघडले तरीही हे द्रव्य वाढते. तेव्हा कारण कोणते व लक्षण कोणते, हा वाद मिटलेला नाही.

कोणते जीवाणू वाढतात हे बऱ्याच अंशी आहारावर ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांना २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला हे जीवाणू विपुल आढळले. धान्य व भाजीपाल्याच्या आहाराशी त्यांचा संबंध जोडला जातो. तेव्हा वायूच्या भीतीने मुलांची उसळ बंद करण्याचे कारण नाही. ती भिजवून, मोड आणून, नीट शिजवून द्यावी.

एक गोष्ट मात्र गावकऱ्यांना आवर्जून सांगावी. छातीत दडपण येणे, कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम फुटणे, ह्याला “गॅस झाला” म्हणून ओवा किंवा सोडा देत बसण्याची रीत सर्वत्र आहे, आणि त्यात मोलाचे तास जातात. मधुमेही व्यक्तीस तर कळ न येता नुसती अस्वस्थता वा मळमळही होऊ शकते. अशा वेळी रुग्णास चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.